रिक्लायनर घेतला तरी घसरायला होतं: एमएस असताना बसायचं कशावर?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वहिनींना मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) होऊन आठ-नऊ वर्षं झाली. घरात त्या काठी धरून चालतात. दिवसभर बसायला बरं पडावं म्हणून तुम्ही दिवाळीत चांगला जाडजूड रिक्लायनर घेतला. पण अर्ध्या तासात त्या पुढे घसरतात, पाय ताठ होऊन उडतात आणि उठताना दरवेळी कुणीतरी हात द्यावा लागतो. त्यामुळे स्वारी परत स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, नाहीतर पलंगावर. आईंचं म्हणणं, जमिनीवर बसायची सवय मोडली म्हणून हे सगळं झालं. आणि तुम्ही विचारताय की याहून महागाचा रिक्लायनर घ्यावा की आता सरळ व्हीलचेअरच घ्यावी?

मी कोल्हापुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांची माणसं बरीच वर्षं बघतेय. वहिनींना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खुर्चीचं मॉडेल सांगणार नाही, आणि असं न बघता मॉडेल सांगणाऱ्याचं तुम्हीही ऐकू नका. पण तुम्ही जे वर्णन लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की त्यावरून बरंच सांगता येतं.

पहिली गोष्ट म्हणजे दुकानात आपण खुर्ची हाताने दाबून बघतो. मऊ लागली की आरामदायी. ज्याच्या पाठीपोटाचे स्नायू धडधाकट आहेत त्याला हे चालतं, कारण मऊ गादीत रुतलं तरी तो नकळत स्वतःला सावरत असतो. एमएसमध्ये हेच नकळत सावरणं महाग पडतं. मेंदूकडून निघालेला संदेश ज्या मज्जातंतूंतून जातो त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण जागोजागी खराब झालेलं असतं. मग साध्या गोष्टीलाही जास्त श्रम लागतात, आणि ताठ बसणं ही अजिबात साधी गोष्ट नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई म्हणाल्या होत्या, "म्याडम, बसून बसून दमाय हुतंय असं सांगिटलं तर घरात हसत्यात." हसू नका. थकवा हे एमएसच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या लक्षणांपैकी एक आहे, आणि आधार नसलेल्या आसनावर बसून तो वाढतो. तेव्हा वहिनींना हवी आहे ती बसण्याचं काम स्वतःकडे घेणारी खुर्ची. ती मऊ असेलही, नसेलही.

आता रिक्लायनरवर त्या घसरतात का ते बघू. ही भानगड कळली की पुढचं निम्मं तुम्हीच ठरवाल.

बसताना शरीराचा पाया म्हणजे कटीर, आपण ज्याला ढोबळपणे कंबरेचं हाड म्हणतो ते. उतरंडीतलं तळाचं मडकं कलंडलं की वरची सगळी कलंडतात, तसं कटीर मागे झुकलं की पाठीला पोक येतं, मान पुढे जाते, श्वास उथळ होतो आणि वजन बैठकीच्या दोन हाडांवरून सरकून माकडहाडावर येतं. मग माणूस हळूहळू पुढे घसरायला लागतो. रिक्लायनर कटीराला दोन बाजूंनी मागे ढकलतो. एक, त्याची बैठक खोल असते. बहुतेक रिक्लायनर आणि सोफे ५० सेंटिमीटर किंवा त्याहून खोल असतात. मध्यम उंचीच्या बाईची मांडी तेवढी लांब नसते. पाठ मागे टेकवायची तर गुडघ्यामागे कड रुतते, म्हणून ती पुढे सरकून बसते आणि कंबरेमागे पोकळी राहते. दोन, पाय वर उचलणारी ती फळी. मांडीच्या मागचे स्नायू वरच्या टोकाला कटीराला आणि खालच्या टोकाला गुडघ्याखाली चिकटलेले असतात. एमएसमध्ये ते बहुधा आखडलेले असतात. गुडघा सरळ केला की ते ताणले जातात आणि कटीराला मागे ओढतात. शिवाय ताठरपणा असलेल्या स्नायूला झटकन ताण दिला की तो उलट आवळतो. तुम्ही लिहिलंय ना, "फूटरेस्ट वर गेला की पाय उडतात", ते हेच. वहिनी नखरे करत नाहीत आणि खुर्चीही बिघडलेली नाही. खुर्चीचं वळण आणि त्यांचे पाय यांचं जमत नाही एवढंच.

उठता न येण्याचंही कारण तिथेच आहे. तुम्ही स्वतः खुर्चीवरून उठून बघा. उठण्याआधी पावलं गुडघ्यांच्या मागे नेता की नाही? रिक्लायनरचा पुढचा भाग खालपर्यंत बंद असतो, त्यामुळे पावलं मागे जायला जागाच नसते. त्यात बैठक बुटकी आणि रुतणारी. हात कितीही मजबूत असले तरी तिथून उठणं कठीण.

याहून महागाच्या रिक्लायनरला मोटर असते, काही उचलूनही देतात. उचलून देणारी खुर्ची काहींना खरंच उपयोगी पडते. पण बैठकीचं माप चुकीचं असेल तर मोटर घसरलेल्या माणसाला घसरलेल्या अवस्थेतच उचलते. म्हणून आधी मापं.

वहिनींना एका कडक, सपाट स्टुलावर भिंतीला पाठ लावून बसवा, पायात घरातल्या रोजच्या चपला. शिंप्याची टेप घ्या. भिंतीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची लांबी मोजा आणि त्यातून तीन-चार सेंटिमीटर वजा करा. ही बैठकीची खोली. म्हणजे लांबी ४६ भरली तर बैठक ४२-४३ हवी. जमिनीपासून त्याच खळगीपर्यंतची उंची घ्या. बैठक निदान तेवढी हवी. उठणं जड जात असेल तर आणखी दोन ते पाच सेंटिमीटर उंच चालेल, पण पाऊल पूर्ण जमिनीवर टेकलं पाहिजे. कुल्ल्यांची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं ही बैठकीची रुंदी. कोपर काटकोनात ठेवून बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची ही खुर्चीच्या हातांची उंची. आणि हे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, नाहीतर उठताना रेटा द्यायला काही मिळत नाही. ही चार मापं वहीत लिहून ठेवा. पुढे काहीही घेताना, अगदी कमोडचं स्टूलसुद्धा, हीच लागतील.

रिक्लायनर विकू नका, आधी सुधारून बघा. बैठकीची गादी निघत असेल तर खाली प्लायचा तुकडा घाला, म्हणजे झोळ जाईल. पाठीमागे कडक फोमची उशी उभी बसवून खोली कमी करा. कापसाची नको, ती दोन दिवसांत बसते. कंबरेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलची गच्च वळकटी ठेवा, म्हणजे एका अंगाला कलणं थांबतं. फूटरेस्ट वापरायचा नाही. पायाखाली जेवणाचा पाट घ्या, गुडघे वाकलेले राहतील असा, आणि उठायच्या आधी तो बाजूला सारायचा, नाहीतर त्यालाच पाय अडकेल. पाठ थोडी मागे कलवायला हरकत नाही, पण फक्त डुलकी घेताना, आणि सरळ होताना आधी पुढे वाकून कंबर परत मागे सरकवून बसायचं. पाठ वर-खाली होताना कातडी आणि हाड उलटसुलट घासली जातात, ती घासट अशाने मोडते.

उंची कमी पडत असेल तर खुर्चीच्या पायांखाली नुसते ठोकळे ठेवू नका, ते निसटतात. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरची कारखान्यांची वसाहत आहे, तिचा उपयोग करून घ्या. तिथला एखादा फॅब्रिकेटर चौकोनी पाइपची चौकट करून देतो, कडांना थोडी उंच किनार ठेवून. मी माझ्या पेशंटना परदेशी कॅटलॉग दाखवण्यापेक्षा मापांचा कागद देऊन तिकडे पाठवते. साध्या लाकडी खुर्चीला लांब हात बसवून देणारा माणूस कोल्हापुरात मिळतो, हे आपलं भाग्यच म्हणायचं.

आता खुर्ची एकच का हवी? माझ्या अनुभवात एमएसच्या माणसाला एका उत्तम खुर्चीपेक्षा दोन-तीन साध्या पण योग्य जागा जास्त उपयोगी पडतात. हालचाल आपोआप होते आणि प्रत्येक कामाला बसण्याची तऱ्हा वेगळी मिळते. वहिनी स्वयंपाकघरात परत जातात ते प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या प्रेमाने नव्हे. तिथे माणसं असतात, काम असतं, आणि त्या खुर्चीवरून निदान उठता तरी येतं. मग तिथलीच व्यवस्था करा. ओट्यापाशी पाठ आणि हात असलेलं उंच स्टूल, बैठक किंचित पुढे उतरती, पाय जमिनीवर. अर्धं उभं, अर्धं बसलेलं अशी ती स्थिती असते. भाजी चिरणं, कणीक मळणं, बसल्या बसल्या दोन भाकरी थापणं जमतं, आणि उठताना मोठा झोका घ्यावा लागत नाही. मात्र तोल फार जात असेल किंवा चक्कर येत असेल तर उंच स्टूल नको. मग ओट्याऐवजी टेबल, आणि हात असलेली लाकडी खुर्ची.

प्लॅस्टिकची मोल्डेड खुर्ची मला आवडत नाही, कारण एका हातावर जोर दिला की ती कलते. न्हाणीघरात तर ती मुळीच नको. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. तिथे रबरी बुच असलेलं, रुंद पायांचं अंघोळीचं स्टूल घ्या आणि भिंतीला पकडायला दांडी बसवा. झोपाळा असेल तर कड्या बांधून तो स्थिर करा. उठताना मागे सरकणारी जागा वहिनींच्या कामाची नाही.

न्हाणीघराचा विषय निघालाच आहे तर उष्णतेचं सांगते. अंगाचं तापमान थोडं जरी वाढलं तरी मायलिन गेलेल्या तंतूंतून संदेश आणखी अडखळतो आणि माणूस तासाभरापुरता एकदम ढिला पडतो, कधी नजरही अंधूक होते. उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली हे नोंदवलं, म्हणून त्याला उटहॉफची लक्षणं म्हणतात. अंग थंड झालं की ती ओसरतात. पण बंबातल्या कढत पाण्याने अंघोळ करून रेक्झिनच्या रिक्लायनरवर येऊन बसलं, तेही एप्रिल-मे महिन्यात, तर पाय गळणारच. पाणी कोमट ठेवा. रेक्झिनवर सुती चादर टाकायची, पण ती सरकू नये म्हणून खाली रबरी जाळीची चटई. पंखा अंगावर येईल अशी जागा निवडा. वेताच्या विणीची लाकडी खुर्ची मिळाली तर फार छान. वारा खेळतो, बैठक झोळ न देता जराशी लवते आणि हातही पुढपर्यंत असतात. फक्त वीण सैल झालेली नको.

यातूनच खुर्ची कधी बघायची ते ठरतं. सकाळी दहाला ताजंतवानं असताना कुठलीही खुर्ची बरी वाटते. तुम्ही दुपारी चारनंतर जा, वहिनींचा दिवस सगळ्यांत वाईट असतो त्या वेळी. आणि पाच मिनिटं नाही, अर्धा-पाऊण तास बसू द्या. दुकानदार चुळबुळ करेल, करू दे. सुरुवातीला कंबर जिथे होती तिथेच शेवटी आहे का, दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का, हात घट्ट धरून बसल्यात का हे बघा. हात सतत खुर्चीला धरलेले असतील तर ती खुर्ची त्यांना धरत नाही असं समजा. मग विचारायचं, "आता स्वतः उठून दाखवता?" हे जमलं तरच पुढचं बोलणं.

कातडीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून मीच विचारते. बैठकीच्या जागी त्यांना स्पर्श नीट कळतो का? एमएसमध्ये बधिरपणा असू शकतो, आणि ज्याला टोचणं कळत नाही तो जागा बदलत नाही. रोज रात्री माकडहाड आणि कुल्ल्यांची हाडं बघा. लालसर किंवा भोवतालपेक्षा काळपट डाग, गरम किंवा टणक लागणारी जागा अर्ध्या तासातही निवळली नाही तर तिथे दाब बसू देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. दिवसा दर अर्ध्या तासाने टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकणं, एकदा या कुल्ल्यावर एकदा त्या कुल्ल्यावर असं वजन बदलणं ही सवय लावा. ती मधे भोक असलेली गोल रबरी ट्यूब मात्र आणू नका. तिच्या कडेवरच दाब येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. स्पर्श कळत असेल तर सात-आठ सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम बहुतेकांना पुरतो. जखमेचा धोका असेल तर हवेच्या कप्प्यांची गादी उत्तम, पण ती डुगडुगते. तोल कमकुवत असलेल्याला तिच्यावर आणखी श्रम पडतात. म्हणून ती थेरपिस्टला दाखवूनच घ्या. कुठलीही गादी घातली की बैठक तेवढी उंच होते आणि खुर्चीचे हात तेवढे बुटके होतात, हे मापात धरायला विसरू नका.

आईंचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. मांडी घालून बसल्याने काहींच्या मांड्या मोकळ्या राहतात. पण तो व्यायाम झाला. दहा-पंधरा मिनिटं, भिंतीला पाठ लावून, उठवायला कुणीतरी जवळ असताना, फिजिओथेरपिस्टला विचारून. दिवसभर बसण्याची जागा म्हणून जमीन नको. उठण्यात जी ताकद जाईल ती वहिनींना दुसऱ्या कामाला हवी आहे. आईंना तुम्ही असंच सांगा: व्यायाम वेगळा, बसणं वेगळं. हे त्यांना पटेल.

व्हीलचेअरबद्दल. तुमच्या प्रश्नात एक भीती दिसते, की एकदा बसली की ती पुन्हा उठायची नाही. मी उलटं होताना जास्त पाहिलंय. रंकाळ्यावर जायचं, लग्नाला जायचं, अंबाबाईच्या दर्शनाला जायचं, तर तेवढ्यापुरती व्हीलचेअर घेतली की माणूस घरातून बाहेर पडतो आणि घरी आल्यावर चालायला ताकद शिल्लक राहते. पण ती घरातली दिवसभराची खुर्ची म्हणून घेऊ नका. साध्या घडीच्या व्हीलचेअरला कापडी झोळीची बैठक असते आणि रुंदी सहसा १८ इंच. बारीक अंगाची बाई तिच्यात एका बाजूला कलून बसते आणि झोळीमुळे मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात. घ्यायचीच तर रुंदी मोजून, वर कडक तळ असलेली गादी घालून. आधी भाड्याने आणून बघा, सर्जिकल साहित्याच्या दुकानांत मिळतात. बैठक आणि पाठ यांचा कोन तसाच ठेवून अख्खी मागे कलणारी खुर्ची असते, तिला टिल्ट म्हणतात. धड सावरत नाही, घसरणं थांबतच नाही अशांना ती खरा आराम देते. वहिनी काठीने चालतात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठतात, तर आज ती लागेल असं मला वाटत नाही.

एक कागदाचं काम मात्र आत्ताच करून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. म्हणजे प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आपल्या जिल्ह्यात सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, चौकशी करा. पुढे साहित्यासाठी मदत मागायची वेळ आली तर हे कार्ड आधी विचारतात.

शेवटी एक गोष्ट खुर्चीपलीकडची. कालपर्यंत नीट बसणारा माणूस दोन दिवसांत अचानक घसरायला लागला, पाय फार आवळायला लागले, तर खुर्ची बदलू नका, कारण शोधा. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, बद्धकोष्ठता, पायाला कुरतडणारं नख, कुठे तरी झालेली जखम, यांतल्या कशानेही ताठरपणा वाढतो. आणि नवा बधिरपणा, नवी अशक्तता किंवा नजरेतला बदल २४ तासांपेक्षा जास्त टिकला तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर ते मनाने कमी-जास्त करू नका, आणि एकदम बंद तर कधीच नाही, ते धोक्याचं असतं. तशीही थोडी ताठरता काहींना उभं राहायला कामाला येते. ती पूर्ण घालवली तर पाय लुळे पडतात. हा हिशेब डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांनी मिळून बसवायचा असतो.

या आठवड्यात फक्त एवढं करा: चार मापं, रिक्लायनरमध्ये प्लाय आणि पाठीची उशी, फूटरेस्ट बंद, पायाखाली पाट. आठ-दहा दिवस वापरून बघा. मग मापं आणि दुपारी चारनंतर बाजूने काढलेला त्यांच्या बसण्याचा एक फोटो, चेहरा झाकून, इथे टाका. कंबरेमागे पोकळी राहते की बैठकच उंच करायला हवी, ते त्यावरून सांगता येईल.